मशीन कुठलं वापरता?

परवा प्रदर्शनात एका गृहस्थांनी माझ्या टेबलावरची चादर उचलून खाली वाकून पाहिलं. खाली लोकरीची पिशवी होती, काढून ठेवलेल्या चपला होत्या आणि माझे पाय होते. मशीन नव्हतं.

"मग कुठे ठेवलंय?" त्यांनी वाकूनच विचारलं.

मागची कहाणी दोन ओळींची. क्रोशाचं वेड होतं, नोकरी सोडली, वेडाचाच धंदा केला. आवडीचं काम केलं की काम करतोय असं वाटत नाही म्हणतात. खरंय, बघणाऱ्यांना तर मुळीच वाटत नाही. फुकट टोप्या वाटत होते तोवर मी गुणी होते. पैसे सांगायला लागले तशी "कमर्शिअल" झाले. पूर्वी कामाचा ताण आला की विणायला बसायचे. आता विणण्याचाच ताण येतो, तेव्हा कशाला बसायचं हे कुणी सांगत नाही.

तर गृहस्थ. माझा क्रोशाचा हत्ती त्यांनी सोंडेला धरून लोंबकळत ठेवला होता.

"मशीन नाही हो, हातानं केलाय."

"हातानंच, पण मशीन कुठलं?"

मग मी चूक केली. समजावून सांगायला गेले. म्हटलं, दोन सुयांवर विणतात ना, त्याचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ मध्येच काढलं. क्रोशाचं मात्र अजून कुणाला धड जमलेलं नाही. सुई एकच, प्रत्येक टाका आधीच्या विणीत खुपसून ओढून काढायचा. क्रोशाच्या नावाखाली मशीनवर जे निघतं ते वेगळ्याच जातीचं विणकाम.

"चारशे वर्षांत जमलं नाही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आडवी पडले होते.

त्यांनी हत्ती नाकासमोर धरला. "हा डोळा खाली आलाय."

आलाय. अर्ध्या टाक्यानं. मला ठाऊक होतं, म्हणून तर त्याला मागच्या रांगेत उभा केला होता. सहा मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड टाक्यांनी, सुरुवात, मग पुढच्या फेऱ्यांत बारा, अठरा, चोवीस. आणि घरातलं कुणीतरी नेमकं सतराव्याला हाक मारतं. पुढे चार पाय एका उंचीला शिवायचे. त्यात राखाडी लोकर संपते. रंगाचा नंबर तोच, पण रंगवणीचा लॉट दुसरा आला की एकच कान पावसात भिजून आल्यासारखा दिसतो. या हत्तीला सात तास लागले होते, आणि शेवटी तो उभा राहिला म्हणून मी एकटीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

"मशीनचा असता तर डोळा सरळ आला असता," गृहस्थ म्हणाले. "हाताचा आहे, मग थोडं कमी करा."

"आणि मशीनचा असता तर?"

"मशीनच्याला इतके कोण देतं?"

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही. रात्री उशीत तोंड खुपसून बरीच सुचली, पण ती सगळी असभ्य होती.

हत्ती परत टेबलावर आडवा झाला. मी सुटले म्हणेपर्यंत गृहस्थ चार पावलं जाऊन वळले आणि स्वेटरची बाही पुढे केली. मनगटाजवळ टाका निसटून बोटभर शिडी पडली होती.

"तुम्हाला विणता येतं ना? एवढं जरा बघता?"

स्वेटर मशीनचा. नाही म्हणायचं होतं. पण उसवलेलं दिसलं की माझा हात माझं ऐकत नाही. क्रोशाची सुई घातली, निसटलेला टाका पकडला, शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर आणली आणि वरचं टोक आतून अडकवून टाकलं. शिडी कुठे होती ते मलाही सापडेना.

गृहस्थांनी बाही उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. पैसे किती, हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नसावी.

"बघा, दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. "आणि हत्तीला म्हणे सात तास."