रद्दीच्या काट्यावर दंड संहिता

लग्न ठरलं की घरात पहिली गदा कपाटावर येते. आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आईनं फर्मान काढलं, "तुझी ती एलएल.बी.ची पुस्तकं काढ आता. सुनेच्या साड्या कुठं ठेवायच्या?" मी पेशानं वकील, पण या न्यायालयात माझं अपील कधी दाखलच झालेलं नाही.

ज्युनिअर पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. लगेच विचारणा, "सर, नवीन कायद्याची आहेत का?"

गोम तिथंच आहे. १८६०ची भारतीय दंड संहिता इंग्रज गेले तरी हलली नाही. माझ्या हातात सनद पडली आणि तिला म्हातारपण आठवलं. १ जुलै २०२४ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही गेला. रातोरात अख्खी फळी मयत! १८७२चा करार कायदा तेवढा ठणठणीत.

कॉलेज कॉर्नरला एक पोरगा पुस्तकं बघायला आला. मी बाजू मांडली, "त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना अजून जुनीच संहिता लागते."

"खरंय सर, पण पेपरात आधीचे गुन्हे विचारत नाहीत."

मग पानं चाळत म्हणाला, "यात आयएमपीच्या खुणा कुठायत?"

"जपून वापरलंय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की उलटतपासणी तिथंच संपली. करार कायद्यावर मात्र पानोपानी पेन्सिल, समासात उत्तरं, चहाचे डाग. एटीकेटीची कृपा. ते त्यानं घासाघीस न करता उचललं.

उरलेली चळत रद्दीवाल्याकडं नेली. त्यानं आधी सगळ्यांचे पुठ्ठे टराटरा फाडले. "पुठ्ठ्याचा भाव येगळा, वकीलसाहेब."

"अहो मामा, नव्यात ३५८ कलमं आहेत, या जुन्यात ५११. माल जास्त आहे!"

"कलमं मोजायचा काटा न्हाई आपल्याकडं."

दंड संहिता तागडीत पडली आणि मामांना काहीतरी आठवलं. मेव्हण्याला २०२२ साली जागेच्या व्यवहारात एकानं टोपी घातली होती. "चारशेवीसच लागंल न्हवं? का आता ते बी बदललं?"

"नव्यात ३१८ झालंय. पण तुमचं प्रकरण २०२२चं, म्हणजे चारशेवीसच."

"शिक्षा किती हाय? बघून सांगा की."

मी तागडीतून पुस्तक काढलं. पुठ्ठा नव्हताच, त्यामुळं पान पटकन सापडलं. "सात वर्षांपर्यंत. शिवाय दंड."

मामा खूश. चहा मागवला. फीचा विषय मी काढणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "ते पुस्तक ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. तारखेला लागंल." आणि तेवढं वजन हिशेबातून वजा करून उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले.