पाचशेच्या स्टॅम्पची मर्यादा : पती-पत्नीच्या कराराविषयी

सांगली, मिरज, तासगावकडच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. लग्नानंतर पती-पत्नीने पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर आपसांत करार करून तो नोटरी केला की घर-जमिनीची वाटणी पक्की होते, पुढे पोटगी मागता येत नाही, वेगळे व्हायचे झाल्यास कोर्टाची पायरी चढावी लागत नाही आणि वर आयकरही वाचतो, असा त्याचा आशय आहे. पती-पत्नीने पैशाविषयी मोकळेपणाने बोलून ते लिहून ठेवणे चांगलेच आहे. माझा आक्षेप चार कायद्यांची कामे एका कागदावर उरकण्याला आहे.

माझे काम हिशेब आणि कर-विवरणपत्रांचे. तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार जोडपे या कराराची छापील प्रत घेऊनच माझ्याकडे आले. मोकळ्या जागांत बॉलपेनने गट नंबर भरले होते आणि शेवटच्या कलमात लिहिले होते की वाद झाल्यास मडगावच्या न्यायालयात जावे. मसुदा कुठून उचलला हे त्या एका ओळीवरून कळते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालू आहे. त्यात वेगळे ठरवले नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि लग्नापूर्वीच्या करारालाही कायदेशीर स्थान आहे. महाराष्ट्रातल्या हिंदू दांपत्याला हे लागू नाही. इथे लग्नाने कोणाचीही मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही. ज्याच्या नावे ती आहे आणि ज्याने तिचे पैसे भरले, त्याचीच ती राहते. तेव्हा हा करार ज्या निम्म्या वाट्याची वाटणी करायला निघाला आहे, तो वाटा मुळात जन्मालाच आलेला नसतो.

जमिनीचे कलम सर्वांत धोक्याचे आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेवरचा हक्क दुसऱ्याला देणारा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, आणि बक्षीसपत्र असेल तर त्यावर दोन साक्षीदारही लागतात. नोटरीचा शिक्का फक्त सही कोणी केली एवढेच सांगतो; त्यावरून सात-बाराला फेरफार होत नाही. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल, तर २००५ नंतर मुलींचाही त्यात जन्मतः हक्क आहे, म्हणजे नवऱ्याने देऊ केलेल्यापैकी बरेचसे त्याचे एकट्याचे नसते. पत्नीचे नाव सात-बारावर यावे ही कल्पना मात्र जुनी आणि मोलाची आहे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमाने ती गावोगाव नेली होती.

मोबदला न घेता दिलेले वचन १८७२ च्या करार कायद्यानुसार सहसा निरर्थक ठरते. जवळच्या नात्यात, स्वाभाविक प्रेमापोटी दिलेल्या वचनाला कलम २५ मध्ये सूट आहे, पण तो करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. त्यातही प्रेम खरोखर असावे लागते : १९०० साली कलकत्ता उच्च न्यायालयाने एका नवऱ्याचे नोंदणीकृत वचनसुद्धा रद्द ठरवले, कारण दस्तातच दोघांच्या भांडणांचा पाढा वाचलेला होता.

पोटगीचा हक्क आगाऊ सोडून देण्याचे कलम न्यायालये सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानत आली आहेत. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १२५ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, तरी तत्त्व तेच आहे. घटस्फोटाच्या वेळी न्यायालयासमोर संमतीने ठरलेली एकरकमी रक्कम ही निराळी गोष्ट आहे.

काडीमोडाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. परस्परसंमतीचा घटस्फोटही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली न्यायालयच देते, आणि विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार नोटरीला नाही, हे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवले आहे.

आयकर वाचण्याच्या दाव्यात गंमत आहे. नवऱ्याने बायकोला दहा लाख रुपये दिले आणि तिने ते सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर तिला त्या देणगीवर कर नाही. पण वर्षाचे सत्तर हजार रुपये व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. यालाच क्लबिंग म्हणतात. यातून सुटणारा करार कायद्याला ठाऊक आहे, तो म्हणजे विभक्त राहण्याचा. सुखाने एकत्र नांदणाऱ्यांना तो उपयोगाचा नाही.

आता त्या करारात नसलेल्या गोष्टीकडे येतो. त्या बाईंनी अवकाळीच्या वर्षी आपले अकरा तोळे सोने तारण ठेवून बागेचा खर्च उचलला होता आणि कर्जाची पावती नवऱ्याच्या नावे होती. चार पानांत त्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. स्त्रीधन हे केवळ पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले आहे. पण दागिना कोणता, किती वजनाचा आणि कधी दिला, हे कुठेतरी लिहिलेले हवे. पती-पत्नीतल्या लेखी कागदाचा खरा उपयोग इथे आहे. मी त्यांना वजनासह यादी करायला, दोघांच्या सह्या घ्यायला आणि परतफेड तिच्या खात्यातच भरायला सांगितले.

मृत्यूनंतरचा विचारही संदेशात नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नीबरोबर मुले आणि आईही समान वारस असतात, आणि बँकेतला नॉमिनी हा मालक नव्हे, सांभाळणारा असतो. विमा घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतला, तर त्या रकमेवर नवऱ्याच्या सावकारांना सहसा हात टाकता येत नाही. बागेवर कर्ज असणाऱ्याने याचा विचार आधी करावा. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ते वयाने आपल्यापेक्षा लहान असलेले बरे, कारण त्यांची गरज आपल्या माघारीच पडते.