यशाचा टक्का, पण कुणाचा?

2025च्या ऑगस्टमध्ये पुण्यात यकृत प्रत्यारोपणानंतर पती गेला आणि त्याला यकृताचा भाग देणारी पत्नीही काही दिवसांतच गेली. चौकशी लागली, वाहिन्यांवर वाद झडले. इथे अमेरिकेत आम्हीही ते रात्री जागून पाहिले. सगळा वाद त्या एका रुग्णालयाभोवती फिरत राहिला. पण जिवंत दात्याकडून यकृत घेणाऱ्या राज्यातल्या प्रत्येक केंद्रात आजवर किती दाते दगावले, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हे घरच्यांना आधी कुठे वाचता येतं? कुठेच नाही. 'आमचा यशाचा दर 95 टक्के' एवढंच कानावर येतं. तो एका महिन्याचा की पाच वर्षांचा, त्यात दाता धरलाय की फक्त रुग्ण, हे संमतिपत्रावर सही करताना कोण विचारणार?

इथे हे विचारावं लागत नाही. 'सायंटिफिक रजिस्ट्री ऑफ ट्रान्सप्लांट रेसिपियंट्स' नावाची नोंदवही दर सहा महिन्यांनी देशातल्या प्रत्येक केंद्राचा अहवाल जाहीर करते. यादीत किती जण होते, वाट पाहताना किती गेले, किती जणांना अवयव मिळाला, वर्षभरानंतर तो किती जणांच्या शरीरात चालू होता. शिवाय वय, मधुमेह, अवयवाची प्रत असं सगळं हिशेबात घेऊन 'अपेक्षित' आकडाही काढतात. त्यामुळे अवघड रुग्ण घेणाऱ्या केंद्राची तुलना सोपे रुग्ण निवडणाऱ्याशी सरसकट होत नाही.

इथवर आलं की आमच्यातला कुणीतरी हमखास म्हणतो, 'बघा, हे तिकडे का होत नाही?' झालं पाहिजे, हे मलाही मान्य. पण इथली पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, आणि ती आम्ही मंडळी सोयीने गाळतो. 2007मध्ये अमेरिकी सरकारच्या मेडिकेअर या आरोग्यविमा यंत्रणेने नियम केला: वर्षभरातले मृत्यू किंवा निकामी झालेले अवयव अपेक्षेच्या दीडपटीहून जास्त भरले, तर केंद्राची मान्यता धोक्यात. केंद्रांनी जे करायचं तेच केलं. ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्याकडच्या शस्त्रक्रिया घटल्या. जोखमीचा रुग्ण आणि जरा वयस्क दात्याची किडनी, दोन्हींना नकार मिळू लागला. कागदावर निकाल उत्तम, आणि ज्याला नाकारलं तो कुठल्याच टक्केवारीत नाही. अखेर 2019मध्ये फेरमान्यतेसाठीची ही अट काढून टाकावी लागली. आजही इथे मृत दात्यांकडून काढलेल्या मूत्रपिंडांपैकी जवळपास चौथा हिस्सा वापरलाच जात नाही, आणि त्याच वेळी सुमारे 90 हजार माणसं मूत्रपिंडाच्या रांगेत असतात. आता देखरेख करणारी समिती केंद्राने देऊ केलेले अवयव किती वेळा नाकारले आणि यादीतले किती रुग्ण वाट पाहताना गेले, हेही तपासते. शहाणपण आलं, पण मधल्या बारा वर्षांत जे गेले ते गेले.

दानाच्या बाजूची कथा याहून वाईट. अवयव मिळवणाऱ्या संस्था 'दान होण्याजोगे मृत्यू' स्वतःच मोजून कळवायच्या. म्हणजे जो मृत्यू नजरेतून सुटला तो छेदातूनही, दानाचा दर ज्या आकड्याने भागून काढतात त्यातूनही, सुटला! 2020च्या नियमाने मृत्यू-दाखल्यांवरून छेद ठरवायला सुरुवात केली आणि मागे पडणाऱ्या संस्थांवर मान्यता जाण्याची टांगती तलवार आली. मग 2025मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने केंटकी परिसरातल्या संस्थेची, दान ठरूनही पूर्ण न झालेली 351 प्रकरणं तपासली. त्यातल्या 103मध्ये काळजी वाटावी अशा गोष्टी निघाल्या. काही रुग्णांमध्ये तर प्रक्रिया सुरू होताना जिवंतपणाची लक्षणं होती. आकड्याच्या दबावामुळेच हे झालं, असं म्हणणं घाईचं ठरेल. पण संख्या वाढवण्याची सक्ती करताना कुटुंबाशी कसं बोललं गेलं, शंका आल्यावर नर्सला थांबवता आलं का, याचं मोजमाप त्याच तक्त्यात हवं होतं. ते नव्हतं.

म्हणून मायदेशी 'अमेरिकेसारखं रँकिंग करा' अशी मागणी ऐकली की मी सावध होतो. भारतात 2023मध्ये 18,378 प्रत्यारोपणं झाली आणि मृत दाते होते 1,099, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. वर्षभराच्या जगण्यावर रुग्णालयांना गुण दिले, तर इथल्याच चुका तिथे जास्त वेगाने होतील, कारण तिथे रुग्ण निवडायला वाव मोठा आहे. आधी मोजायचं ते आयसीयूतलं. मेंदूमृत रुग्ण विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीला कळवणं महाराष्ट्रात 2012पासून बंधनकारक आहे. तरी चर्चा असते ती यंदा किती दाते झाले आणि ग्रीन कॉरिडॉरने हृदय किती मिनिटांत पोचलं याची. कुठल्या रुग्णालयात किती मेंदूमृत्यू झाले असावेत, किती तपासले गेले, किती घरांना विचारलं, किती नकार आले, हे चार आकडे रुग्णालयाच्या नावासकट छापा. ब्रिटनमध्ये असं ऑडिट वर्षानुवर्षं चालतं. त्याला ना महागडं सॉफ्टवेअर लागतं, ना नवा कायदा.

आणि जिवंत दाते. भारतातलं बहुतेक प्रत्यारोपण त्यांच्यावर उभं आहे, आणि 1995 ते 2021 या काळात अवयव मिळालेल्या दर पाच जणांत चार पुरुष होते. देणाऱ्यांत बायका, आया, बहिणी किती, हे वेगळं सांगायला नको. इथे केंद्रांना दात्याची सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी खबर घ्यावी लागते; मूत्रपिंडदात्यांपैकी किमान 80 टक्क्यांच्या प्रकृतीची माहिती कळवावीच लागते. दोन वर्षांनंतर मात्र ही सक्ती संपते. पस्तिशीत किडनी देणाऱ्या बाईपुढे अजून चाळीस वर्षं असतात, त्यामुळे हा नियमही मला तोकडाच वाटतो. पुण्याच्या प्रकरणानंतर राज्याने काही करायचंच असेल, तर दात्यांची कायमची नोंदवही सुरू करावी, आणि जी दात्री केंद्राला पुन्हा सापडलीच नाही तिला 'ठीक' न धरता केंद्राच्या खात्यावर उणीव म्हणून मांडावं.