नवबारीकांसाठी चार शब्द

वजन उतरलं, अभिनंदन! पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, जुने कपडे वाटून झाले, आरशासमोर बाजूने उभं राहण्याची सवयही लागली. शरीराचं काम संपलं. पण नजरेचं काय? कंबर नवी आणि नजर जुनीच राहिली, तर तुमचं वजन कमी झाल्याचं लोकांना दिसेल, तुम्ही बारीक झाल्याचं मात्र पटणार नाही. बारीक माणूस जाड माणसाकडे कसा बघतो, हे तुम्ही वर्षानुवर्षं समोरून पाहिलंय. आता फक्त जागा बदलायची आहे.

सर्वांत आधी 'आपण' म्हणणं बंद. कालपर्यंत 'आपल्यासारख्यांचे हाल' होते, आजपासून 'ही माणसं'. 'ही माणसं स्वतःकडे लक्षच देत नाहीत,' हे वाक्य रोज सकाळी मोठ्याने म्हणावं, लवकरच जिभेला वळण लागतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण तुम्हाला इतकी वर्षं निम्मीच जमत होती. आता वाकताही येतं.

जन्मजात बारीक माणसापेक्षा तुमच्याकडे एक भांडवल जास्त आहे, ते म्हणजे आतली माहिती. जिन्याच्या वळणावर मोबाईल काढून उभा राहिलेला माणूस मेसेज वाचत नसतो, हे त्या बिचाऱ्या जन्मजात बारकांना काय ठाऊक! प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसण्याआधी तिचे पाय का न्याहाळायचे, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जाण्याचा उदारपणा कुठून येतो, बसल्यावर पिशवी मांडीवरच का हवी, विमानात पट्ट्याला जोडायचा तुकडा मागताना आवाज किती खाली आणायचा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. हे ज्ञान वाया घालवू नका. जिन्यातल्या त्या माणसाजवळ थांबा आणि प्रेमाने, पण खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "दम लागला का हो?" नेम धरावा तर तुम्हीच.

इथे एखाद्याचं मन कच्चं निघतं. आपण यातून गेलोय, आपल्याला तर उलट कळवळा यायला हवा, असं वाटून तो स्वतःला बोल लावतो. काही गरज नाही, संशोधन तुमच्या बाजूने आहे. रेचेल रटन, मेरी-हंटर मॅकडॉनेल आणि लोरन नॉर्डग्रेन यांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गोठवणाऱ्या पाण्यात उडी मारण्याच्या एका कार्यक्रमातल्या लोकांना त्यांनी ऐन वेळी माघार घेतलेल्या माणसाची गोष्ट वाचायला दिली. ज्यांची उडी अजून व्हायची होती, त्यांना त्याच्याबद्दल जास्त सहानुभूती वाटली. ज्यांची मारून झाली होती, त्यांच्या मनात सहानुभूती कमी आणि तुच्छता जास्त. बेकारी आणि दादागिरी सोसून पार पडलेल्यांचंही तेच. त्रास नेमका किती झाला होता हे माणूस विसरतो, आपण पार पडलो एवढंच लक्षात ठेवतो. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं म्हणतात. त्या वंशातून बाहेर पडलेल्याचं पुढे काय होतं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

आता तुमचं मुख्य वाक्य. "मला जमलं, तर त्यांना का नाही?" या प्रश्नाला उत्तर आहे, म्हणूनच विचारल्यावर उत्तरासाठी थांबायचं नसतं. थांबलात तर कोणीतरी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा 1986 चा अभ्यास काढणार. मोठेपणी त्यांचं वजन सांभाळणाऱ्या आईवडिलांशी नव्हे, जन्म देणाऱ्यांशी जुळत होतं. दुसरा कोणी 2011 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास पुढे करणार. वजन उतरवल्याला वर्ष झालं तरी त्या लोकांच्या शरीरात भूक वाढवणारं हार्मोन चढलेलंच होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली. अशा वेळी घड्याळाकडे बघून 'चला, व्यायामाची वेळ झाली' म्हणत निघावं.

मदत मिळाली असेल तर ती मात्र झाकून ठेवा. आठवड्याचं इंजेक्शन घेऊन किंवा जठराचं ऑपरेशन करून वजन उतरलं असेल, तर 'जिद्द' हा शब्द इतरांपेक्षा जरा जास्तच वापरावा लागेल. (इंजेक्शन घेण्यात गैर काहीच नाही, गैर आहे ते सांगणं.) सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केलेल्यांचं उतरलेलं दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. म्हणजे जिद्द सिरिंजमध्ये होती, अशी शंका लोक घेणारच. औषधाशिवाय उतरवलं असेल तर हाताशी वेळ होता, झोप पुरी होत होती, स्वयंपाक दुसरं कोणी करत होतं, असले तपशील गाळावेत. कथेचा नायक एकटाच लढलेला बरा दिसतो.

पुढचा विषय जरा नाजूक आहे. तुमच्या लक्षात आलं असेल, जग अचानक सुधारलंय. कपड्यांच्या दुकानातला माणूस 'तुमच्या मापाचं नाही' म्हणण्याऐवजी आतून शोधून आणतो. बैठकीत तुमचं वाक्य तुम्हाला पुरं करू देतात. कान दुखतोय म्हटल्यावर डॉक्टर वजनकाट्याकडे बोट न दाखवता चक्क कानात बघतात. अनोळखी माणसं दार धरून ठेवतात. या सगळ्यांना आधी तुम्ही दिसतच नव्हता (त्या वेळचा आकार बघता ही मोठीच करामत), असा विचार मनात येईल. आला की झटकून टाका. वाढू दिलात तर पुढचा प्रश्न तयारच आहे. माझे विनोद तेच, मतं तीच, कामही तेच, मग हा जिव्हाळा नक्की कोणासाठी? त्याच्या पाठोपाठ राग येतो, आणि तो येतो भलत्याच माणसांवर, म्हणजे ज्यांच्यात तुम्ही नुकते सामील झालात त्यांच्यावर. पक्षांतर करून पहिल्याच दिवशी नव्या पक्षाला जाब विचारणं शहाणपणाचं नाही. राग आवरतच नसेल तर तो सरळ जाड माणसावर काढा. त्याला ऐकून घेण्याचा सराव असतो, आणि उलट बोललाच तर 'चिडचिड वजनामुळे होते' म्हणायची सोय आहे.

काळही तुमचाच आहे. टेसा चार्ल्सवर्थ आणि महजरीन बनाजी या मानसशास्त्रज्ञांनी 2007 ते 2016 मधल्या, लोकांचे पूर्वग्रह मोजणाऱ्या लाखो चाचण्या तपासल्या. वंश आणि लैंगिक कल याबद्दलचे मनात दडलेले पूर्वग्रह कमी होत गेलेले दिसले, शरीराच्या वजनाबद्दलचा मात्र वाढला. उघड विचारलं तर लोक याबाबतीतही पूर्वीपेक्षा सौम्य उत्तरं देतात. तुम्हीही हीच रीत ठेवा. मनात काहीही असो, तोंडाने 'काळजी वाटते म्हणून सांगतो' म्हणायचं.

एक गोष्ट फक्त रात्री झोपताना वाचू नका. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं, की मोठ्या माणसाच्या शरीरातल्या चरबीच्या पेशींची संख्या भरपूर वजन उतरवल्यावरही जवळपास तेवढीच राहते. दरवर्षी साधारण 10 टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पेशी कमी होत नाहीत, नुसत्या आक्रसतात. म्हणजे तुमच्यातला तो जुना माणूस कुठेही गेलेला नाही, अंग चोरून आतच बसलाय. लिफ्टमध्ये एखादा जाड माणूस शिरला की तुम्ही भिंतीला चिकटता. जागा पुरत नाही म्हणून नव्हे. ते दोघं एकमेकांना ओळख देतील, ही धास्ती असते.

जुना फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पण दाखवताना 'हा मी' म्हणू नका, 'हा बघा, काय अवतार!' म्हणा. त्याला हसा. तो काही बोलू शकत नाही.

शेवटी वजन परत येण्याबद्दल. तुमचं येणार नाहीच, तरी बोलून ठेवलेलं बरं. टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या एका अमेरिकी स्पर्धेतल्या 14 जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. 2016 मध्ये आलेले आकडे असे: सरासरी 58 किलो उतरले होते, त्यांतले 41 परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतलं शरीर त्या आकाराला अपेक्षित असतात त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. तेव्हा मघाशी ज्यांच्यापासून पळ काढायला सांगितलं, ते डेन्मार्कचे आणि ऑस्ट्रेलियाचे अभ्यास फेकून देऊ नका. सेव्ह करून ठेवा. वेळ आली की मत एका रात्रीत बदलावं लागतं, आणि तेव्हा आनुवंशिकता, हार्मोन्स, ताणतणाव हे शब्द अडखळत येऊन चालत नाही. थायरॉइडची तपासणीही करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तर दुसऱ्या लॅबमध्ये करा.