आपण तर नंतर आलो ना!

सप्टेंबर आला की आमच्या मराठी ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले. विसर्जन कधी, आणि ३० तारखेला सुट्टी आहे का? (कॅनडातल्या आमच्या ऑन्टारिओत सरसकट नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर आहे.) सुट्टी कशाची, हे मात्र कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. लेकीच्या शाळेतून निरोप आला, नारिंगी टी-शर्ट घालून पाठवा. डॉलरामातून आणला, पाठवला, विसरले. फिलिस वेबस्टॅडची गोष्ट लेकीनेच घरी येऊन सांगितली. १९७३ साली, सहा वर्षांची असताना, आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट घालून ती निवासी शाळेत (मूलनिवासी मुलांसाठी सरकार आणि चर्चने चालवलेल्या वसतिगृहाच्या शाळेत) गेली आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला. परत मिळालाच नाही.

अशी दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलं. ३० तारखेची सुट्टी आणि तो नारिंगी शर्ट त्यांच्याच आठवणीसाठी. घरापासून तोडलेली, आपली भाषा बोलली म्हणून मार खाल्लेली. चार हजारांहून अधिक परतलीच नाहीत. ही फक्त नोंद सापडलेली. आणि हे काही फार जुनं नाही, शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. आमच्यापासून तासाभरावर ब्रँटफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत अजून उभी आहे. तिथली मुलं तिला ‘मश होल’ म्हणायची, कारण ताटात रोज तीच ओटची पेज.

गेल्या वर्षी शेवटी ३० तारखेच्या बागेतल्या कार्यक्रमाला गेले. ढोल वाजला, नावं वाचली गेली. मग एक आजी बोलायला उभ्या राहिल्या, आणि मध्येच थांबल्या. बराच वेळ. कुणी चुळबुळ केली नाही. डोळे पुसलेले कागदी रुमाल कचऱ्यात टाकायचे नव्हते. एक मुलगा कागदी पिशवी घेऊन फिरत होता. ते सगळे नंतर पवित्र अग्नीत जाणार होते. माझाही त्यात गेला.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं: “वाईटच झालं, पण आपण तर नंतर आलो ना! आपला काय संबंध?”

या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ साली ९४ मागण्या मांडल्या. त्यातल्या शेवटच्या दोन नव्याने येणाऱ्यांबद्दलच आहेत. शेवटची तर थेट नागरिकत्वाच्या शपथेची. २०२१ पासून त्या शपथेत मूलनिवासींच्या मूळ हक्कांचा आणि करारांतल्या हक्कांचा उल्लेख आहे. आपल्यातल्या कित्येकांनी उजवा हात वर करून ते शब्द म्हटलेत, नंतर पेढे वाटलेत. आणि मंडळाच्या कार्यक्रमात ‘ही भूमी अमुक लोकांची’ हा परिच्छेद आपण नाट्यगृहातल्या ‘मोबाईल बंद ठेवा’सारखा उरकतो. जमातीचं नाव तरी नीट उच्चारावं की नाही?

यंदाही जाणार आहे. गाडीत तीन जागा आहेत, साडेनऊला निघू. डबा नको, तिथे चहा आणि बॅनक (मूलनिवासींचा पाव) मिळतो. आणि हो, भाषण करायला कुणी येऊ नका. ऐकायला या.