नसलेली खूण

मामाने बिऱ्हाड हलवताना माझ्या हातात नाण्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाला, "टांकसाळीप्रमाणे लावून टाक रे एकदा. तासाभराचं काम आहे." याला आता आठ महिने झाले.

काम खरंच सोपं आहे. नाण्यावरच्या सालाच्या खाली बघायचं. पत्त्यांतल्या चौकटसारखा हिरा दिसला तर मुंबई, चांदणी दिसली तर हैदराबाद, गोल टिंब दिसलं तर नोएडा. आणि काहीच नसलं तर कोलकाता. हे शेवटचं वाक्य मी गाफीलपणे वाचून पुढे गेलो आणि तिथेच घात झाला. काहीच नसणं हीसुद्धा खूण असू शकते, हे लक्षात आलं तोवर निम्मा डबा कोलकात्याला रवाना झाला होता. झिजलेली चांदणी कोलकाता, मळाने बुजलेला हिरा कोलकाता, आणि चष्मा सापडला नाही त्या दिवशी तर सगळा हिंदुस्थान कोलकाता. बरं, १९८८च्या एका नाण्यावर इंग्रजी 'सी' दिसला, म्हणून कलकत्त्याचा 'सी' समजून हर्षभराने तेही त्याच ढिगात टाकलं, तर ते निघालं कॅनडाचं! त्या सुमारास सरकारने काही नाणी परदेशातून पाडून घेतली होती.

पण माझी झोप उडवली ती १९८६च्या पावलीने. सालाखाली गोल, टपोरं, स्वच्छ टिंब. म्हणजे नोएडा. आणि नोएडाची टांकसाळ सुरू झाली १९८८ साली! टांकसाळ उघडण्याच्या दोन वर्षं आधी तिथे पडलेलं नाणं माझ्या तळहातावर होतं. मी दार लावून घेतलं. या विषयातल्या एका जाणत्या स्नेह्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आधी काडीने हलकेच टोचून बघा. घासू मात्र नका हं."

टोचलं. टिंब टुणकन उडालं. मामाने कधीकाळी त्या डब्याला चंदेरी रंग दिला होता आणि टोपण उघडताना त्याचे पोपडे अजून निघतात, हे मला आधी आठवायला हवं होतं. टिंब गेलं, खाली सपाट. पावली कोलकात्याला गेली.

"सपाट म्हणजे कोलकाताच असं नाही," स्नेही म्हणाले. "नाणं पाडायच्या ठशाच्या खाचेत वंगण आणि कचरा साचला की खूण उमटतच नाही. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा." पाडला. दहापट भिंगाखाली बारीकशा दोन रेघा दिसल्या, चांदणीच्या दोन टोकांसारख्या. हैदराबाद! की नुसता चरा? त्यासाठीही नियम आहे. ठशावर चरा पडला असेल तर नाण्यावर ती रेघ उठून येते, नाण्यालाच चरा पडला असेल तर ती खोल जाते. एकीचा मान टांकसाळीकडे, दुसरीला जबाबदार वापरणारे आपण. इतका सुटसुटीत नियम, पण दिवा डावीकडे ठेवला की रेघ उठून दिसते आणि उजवीकडे नेला की तीच रेघ खड्ड्यात जाते. मी दिवा मधोमध धरला. रेघ दिसेनाशी झाली.

अशा वेळी मी १९११चा रुपया आठवून मनाची समजूत घालतो. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या हारात एक इवलासा हत्ती होता. सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुक्कर वाटला, बोभाटा झाला आणि सरकारला पुढच्या वर्षी हत्ती सुधारावा लागला. ठसा कोरणाऱ्याची ही कथा, तर माझ्यासारख्याने दोन रेघांपुढे शरण गेलं तर काय बिघडलं?

"अहो, ती रेघ नखाला लागते का बघा की," मागून बायको म्हणाली. आठ महिन्यांत कुणालाच, म्हणजे मलाच, हे सुचलं नव्हतं. पण नाण्याला कडेने धरावं, बोट टेकवू नये, हे इतकं पाठ केलेलं की नख लावायचं म्हणताच हात थरथरला. पावली निसटली, ठणकन फरशीवर आपटली, घरंगळत कपाटाखाली गेली. पट्टीने ओढून काढली तर कडेला लख्ख नवी खोच.

तिच्या पाकिटावर आता पेन्सिलीने नोएडा, कोलकाता, हैदराबाद अशी तीन नावं खोडलेली आहेत. खाली मात्र शाईने लिहून ठेवलंय: 'कडेची खोच आमच्या घरची. रविवार, सकाळी सव्वाअकरा.'