नर का मादी?

खड्डा बुजवून आत्ताच घरात आलोय, नखांत अजून माती आहे, त्यामुळे भाषा जरा घसरली तर सांभाळून घ्या.

फुटपाथ आणि कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेचा उंच काठ, यांच्या मध्ये ती मातीची पट्टी असते ना, तिथे एक झाड लावावं एवढीच माझी दुर्बुद्धी. गिंकगोचं रोप आणलं, खड्डा खणला, आणि मॉर्निंग वॉकवाले एक काका थांबले. खड्डा दिसला की हे थांबतातच.

"काय लावताय?"

"गिंकगो."

"नर का मादी?"

कमरेएवढी काडी, सात पानं. म्हटलं, "काका, इतकी ओळख नाही झाली अजून."

"हसू नका. मादी निघाली तर फळं पडणार, आणि त्यांना वास कसला येतो माहितीये? ओकारीचा!"

(नंतर शोधलं, खरंय. खवट लोण्यात असतं तेच ब्युटिरिक आम्ल. म्हणून तर रस्त्याकडेला नर झाडाचं कलमच लावा म्हणतात. माझं नेमकं बियाचं.)

"मग कळणार कधी?"

"फळ धरलं की."

"आणि धरणार कधी?"

"20 वर्षं तरी जातील."

"मग तेव्हा बघू की!"

"तेव्हा मी नसेन हो, म्हणून तर आत्ता सांगतोय."

यावर काय बोलणार? मी माती उपसत राहिलो. तर काकांनी खिशातून मेजरिंग टेप काढली. फिरायला जाताना माणूस टेप कशाला घेतो हे मला अजून कळलेलं नाही. कोपऱ्यापासून मोजलं, कारण वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसायला हवं, मग दिव्याचा खांब, मग आगबंबाचा नळ (हायड्रंट), मग वर बघून तारा, खाली बघून पाण्याची लाईन, आणि प्रत्येक मापाला एक "च्च". शेवटी टेप गुंडाळत अगदी सहज, "परमिशन घेतलीच असेल ना?"

नव्हती. दुपारी पालिकेच्या ऑफिसातून माणूस हजर. फोन कोणी केला ते मी सांगणार नाही, पण टेप माझ्याकडे नाहीये एवढं सांगतो. म्हणाला, "जागा तुमची नाही, खड्डा बुजवा, आधी अर्ज करा, यादीतलंच झाड आणा."

बरं, जागा माझी नाही. मग गवत कापायचं कोणी? मी. पानं झाडायची? मी. उद्या मुळांनी फुटपाथ उचलला तर, बऱ्याच शहरांत बिल घरमालकाच्याच नावाने. म्हणजे मालकी त्यांची आणि कंबर माझी! आणि मुळांचं तरी काय चुकतं, त्यांना हवा-पाणी वरच्या दोनेक फुटांतच मिळतं, तुम्ही वीतभर पट्टी सोडून दोन्हीकडून काँक्रीट ओतणार, मग ती फरशीखाली नाही तर कुठे जाणार? अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावात या पट्टीला डेव्हिल स्ट्रिप म्हणतात. सैतानाची पट्टी. ज्याने नाव ठेवलं त्याने नक्की अर्ज केला असणार.

रोप सध्या बादलीत घालून फाटकापाशी ठेवलंय. आत्ताच काका संध्याकाळच्या फेरीला येऊन गेले. वाकून बघितलं, टेप लावली.

"बादली चार बोटं फुटपाथवर येतेय."